दुसरं कार्ड

नाही नाही, तो डबा खाली ठेवा भाऊ, तो नका घेऊ — ट्रायपॉड फुकट, बॅग फुकट, काच पुसाचं फडकंबी फुकट — एवढं सारं फुकट देऊन राहिले तर काहून देऊन राहिले, याचा इचार करा ना जरा! मी इकनारी बाई, मीच म्हनून राहिली नका घेऊ, मंग ऐका. बसा. तो स्टूल घ्या, पंख्याखाली ओढा. अमरावतीहून आले म्हनता? एवढी दुकानं हायेत तिथी, आन कॅमेरा घ्याले अकोल्याले, जठारपेठेत? कोन सांगतलं? — हां, होये, खरं हाये ते. करिश्माताई खोटा सल्ला देत नाही, असं म्हनतात लोक. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालते, पन सल्ला खरा. आता सांगा, फोटो कायचे काढाचे? मेगापिक्सेल राहू द्या बाजूले, जो येते तो मेगापिक्सेलच इचारते, मेगापिक्सेल काय चाटाचे हायेत? पाखरं काढाची, का धारणीकडं जाऊन वाघ पाहाचा, का — लग्न. अस्सं. मंग तसं बोला ना बाप्पा. लग्नाचा कॅमेरा पहिले हातात धरून पाहाचा. घ्या हा. असा नाही, पुरा धरा. करंगळी खाली लोंबून राहिली ना? मंग हा तुमचा नाही, वरात येईलोक हात चोळत बसाल. हा पाहा. बसला का नाही? जड हाये थोडा, पन हातात बसला. मंग पाहाचं, मंगल कार्यालयाच्या त्या लाल-जांभळ्या लायटीत मानूस मानूस दिसते का भूत. आन पैसा उरला त तो लेन्समंदी घालाचा, डब्यावरच्या नावात नाही. कॅमेरा जुना होते, चांगली लेन्स तुमच्या लेकरांच्या कामी येते.

एक्सचेंज? करते ना, काहून नाही करनार! दाखवा जुना. काढा, इथी ठेवा — हळू, काउंटरची काच तडकली हाये त्या कोपऱ्यात —

हा पट्टा कोन बांधला?

हा, मनगटाले दोन येढे येतात असा, आन खालून गाठ. तुमी बांधला? तुमाले कोन शिकवलं? — बाबानं. अस्सं. नाही, काही नाही, चांगली गाठ हाये, सुटत नाही, म्हनून इचारलं. आन हे उजवीकडचं रबर. निघालं होतं, फेविक्विकनं चिटकवलं हाये, चिटकवनाऱ्याचं बोटबी चिटकलं होतं त्याच्यात — हा पाहा ठसा. — आता कोनाचं बोट ते मले काय माहीत? बारीक हाये, कोनी बाई असन. नाव काय म्हनलं तुमचं? ईशान. आन बाबाचं — राहू द्या, नका सांगू. तोंडावरच लिहिलं हाये. हनुवटी शेखरची, कान शेखरचे. पानी घ्या. घ्या ना, थंड हाये.

तर पाह्य ईशान — तू म्हनते आता मी तुले, चालते ना, लहान हायेस — मी इचार बदलला. तो जड नको घेऊ. तुले कायले पाहिजे तो? हा घे. हलका, सुरेख, स्क्रीन पुरी फिरते, सेल्फीबी निंघते. पोट्ट्या खुश. तो पहिलेवाला काहून नको? अरे, त्याले दोन मेमरी कार्ड लागतात, दोन खाचा हायेत त्याले, एकाच फोटोले दोन दोन कार्ड — उगाच खर्च! याच्यात एकच कार्ड, एकच खाच, कटकट नाही. तुह्या बाबानं सारे लग्नं एका कार्डावरच काढले का नाही? मंग! काय बिघडलं त्याचं? काहीच नाही बिघडलं. त्याचं. थांब, बांधूनच देते. टेप कुठी गेला — इथीच होता —

ओळखते का म्हंजे? वऱ्हाडात लग्नं काढनारे सारे एकमेकाले ओळखतात. ही गाठ तुह्या बापाची नाही. ललितची हाये. ललित म्हंजे माहा नवरा. हा कॅमेरा त्याचाच. त्यानं शेखरले शिकवली गाठ, दोघं संगंच लग्नं घेत — आन मले कॅमेरा ललितनंच शिकवला, घरातल्या घरात, माह्या सासूचे फोटो काढून काढून. मंग धारणीच्या रस्त्यानं जीप पलटली. ललित गेला आन हा राहिला. लेन्सचं झाकनबी निघालं नव्हतं, एवढं रबर उचकटलं होतं बस, ते मी चिटकवलं. सासू माही, केशरबाई, स्वतःच्या पोराचं दुःख गिळून म्हने, आपल्या घरात हे कपाळ पुसनं-बिसनं चालत नाही, टिकली लाव, कॅमेरा घे आन कामाले जाय. आन शेखरनं बोलावलंबी. बोलावलं, खोटं काहून सांगू? त्याले गरज होती. हळदीले बाईच पाहिजे असते ना — आंगनात नवरी पाटावर, मानेले, पाठीले हळद, चार बायका हसून राहिल्या, तिथी बाप्या मानूस कॅमेरा घेऊन कसा घुसन? मी जात होती. आन काढत होती मी, पोरा! पिवळा मांडव, पिवळं लुगडं, पिवळी नवरी, बाकीच्यांच्या फोटोत कावीळ झाल्यासारखी दिसे. माह्या फोटोत नवरी नवरीच दिसे. तुह्या बापाच्या स्टुडिओत काचेमागं मोठ्ठी फ्रेम होती हळदीची, हाये का अजून? — हाये. खाली नाव कोनाचं हाये? — त्याचं. असनच.

अमरावतीले वकिलाच्या घरची हळद होती. नवरीची आजी खाटेवरून उठत नव्हती, तिले दोघींनी उचलून आनलं. तिनं थरथरत्या बोटानं नातीच्या गालाले हळद लावली, आन नातीनं तेच बोट धरून आजीच्याच नाकाले लावून देल्लं. म्हातारी अशी हसली! तोंडात एक दात नाही, आन हसली. मी घेतला तो फोटो. आजबी माह्या डोळ्यापुढं हाये. बाकी कुठीच नाही. काहून? कारन वरात आली आन तुह्या बापाचं कार्ड भरलं. त्यानं माह्याजवळचं मांगलं. मी म्हनलं, शेखरभाऊ, हळद हाये याच्यात, उतरवून घ्या पहिले. म्हने, होये होये. मी आत नवरीजवळ गेली, आन त्यानं कार्ड कोरं केलं आन त्याच्यावर बँडवाले काढले. घोड्यापुढं नाचनारे पोट्टे काढले! त्या आजीच्या हसन्यावर!

चूक होते मानसाच्या हातून, ते मी धरून नाही बसली. पन आजी गेली, आठ दिवसबी नाही झाले. घरच्यांनी तोच फोटो मांगला, हार घालाले. तवा तुह्या बापानं वकिलाच्या ओसरीत उभं राहून काय सांगतलं? कार्ड खराब निघालं म्हनला असता! मशीन बिघडली म्हनला असता, लोक मानतात! नाही. तो म्हने, हळदीचं काम त्या बाईकडं होतं साहेब, आन माहीच चूक झाली, तुमाले आधी सांगाले पाहिजे होतं — ते बाई विधवा हाये. एवढंच बोलला. मी तिथीच उभी होती, खांबाजवळ. ज्यानं ललितले खांदा देल्ला, त्याच मानसानं! झालं मंग. विधवेनं हळद पाहिली म्हनून फोटोबी गेले आन म्हातारीबी गेली. नवरीची आई माह्या अंगावरून चालली ना, त पदर सावरून चालली. त्यानंतर एका घरानं बोलावलं नाही मले. ना अमरावतीनं, ना अकोल्यानं. कॅमेराबी त्यानंच ठेवून घेतला, म्हने स्टुडिओचा हाये. म्हनून हे दुकान टाकलं. कॅमेरा इकनारी विधवा चालते लोकांले. काढनारी नाही चालत.

हे तुले काहून सांगून राहिली मी? टेप सापडत नव्हता म्हनून. हा पाह्य, सापडला. झालं बांधून. घे. पहिलं लग्न कोनाचं हाये, तारीख कवाची?

कोनाचं?

बहिनीचं. जुईली... एवढीशी होती ते. स्टुडिओत यायची आन माह्या फ्लॅशसमोर मुद्दाम डोळे मिचकावायची. तिची हळद. आन शेखर काढनार नाही — होये, बापाले कन्यादान असते, तो कसा काढन. तर तूच काढशीन. ह्याच्यानं.

दे तो डबा इकडं. दे म्हनली ना! — होये, मुद्दाम देल्ला होता, एक कार्ड गेलं का सारं लग्न गेलं म्हनून. काय करशीन? तू इथी पानी पिऊन राहिला होता आन मी कोनाच्या तरी घरचा मांडव पाहून राहिली होती. पाहुने गेले, झालर उतरली, आन तुह्या हातात कोरं कार्ड, आन शेखरचं तोंड. ते तोंड मी या खुर्चीत बसून किती वेळा पाहिलं असन, मोजलं नाही. त्याच्यात जुईली कुठीच नव्हती. ते आत्ता आली, तुह्यामुळं. पन माफ-बिफ केलं असं समजू नको. मी कोनाले माफ केलं नाही.

हा घे, पहिलेवाला. दोन खाचा. एक फोटो काढला का दोन्हीकडं जाते, सेटिंग मी लावून देते. आता सल्ला ऐक, त्याच्यासाठीच एवढ्या उन्हात आलास ना? हळद झाली का एक कार्ड काढून बापाच्या हातात दे. तो मांगनच. दुसरं तुह्या खिशात, वरच्या, आन बटन लाव. दोन्ही कार्ड त्याच्या हातात कधी म्हंजे कधी देऊ नको. बाप हाये म्हनून तर बिलकुल नाही. त्यानं इचारलं, काहून रे, माह्यावर भरोसा नाही? — तर म्हन, अकोल्याच्या करिश्माताईनं असंच शिकवलं. पाहुन्यांसमोर इचारलं तर पाहुन्यांसमोरच सांगजो. आन मंग त्याच्या तोंडाकडं पाहजो, माह्या वाट्याचंबी पाहून घेजो. उद्या तू मोठा होशीन, स्वतःचे लग्नं घेशीन, आन दरवेळी दुसरं कार्ड खिशात टाकताना तुले तुहा बाप आठवन. मले एवढंच पाहिजे. सल्ला चांगला हाये का नाही? कोनालेही इचार. याच्याहून चांगला सल्ला तुले कोनी देनार नाही.

काहून असा पाहून राहिला? ऊठ, बस निंघून जाईन तुही. बोल ना काय बोलाचं ते —

काय?

पुन्हा म्हन.

हळदीले? मी? तुह्या बापाच्या आंगनात? — त्याले इचारलं का? — नाही इचारनार. जुईलीच्या खोलीतून आनशीन मले. अबे पोरा, बह्याड हायेस का तू...

थांब जरा. पंखा कमी कर तो, डोळ्यात धूळ चालली.

येईन. येईन मी. हिरवं लुगडं नेसून येईन, टिकली लावून येईन, पाटाच्या समोर उभी राहीन आन तुह्या बापाच्या नात्यागोत्याच्या साऱ्या बायकांदेखत काढीन जुईलीची हळद. आन तो आला ना आंगनात, त कॅमेऱ्यातून एक कार्ड काढीन, असं वर धरीन आन इचारीन — शेखरभाऊ, कार्ड पाहिजे का?

नाही, आता काही बोलू नको. दोन कार्डवाला घेऊन जाय, हळदीच्या दिवशी तोच देजो माह्या हातात. जाय. — तो नाही! तो जुना राहू दे इथी, पट्ट्यासकट राहू दे. किती वर्सांचं काम सुटलं हाये माहं. मले हात बसवाचा हाये.