चार कपॅसिटर आणि आयुधपूजा

...आणि भंगारात द्यायचा म्हणे! अहो, कॉम्प्युटर आहे की कांद्याचं साल? तुम्हाला सांगतो, आमच्या नरसिंहरावांचा कॉम्प्युटर बंद पडला, आणि पुण्याहून बेंगळुरात येऊन एचएसआर लेआउटात राहिलेले त्यांचे जावई जितेंद्र फोनमधून मान वर न करता म्हणाले, पॉवर सप्लाय उडालाय, एवढ्या जुन्याला कोण हात लावतं, आयुधपूजेला जेवायला येतो तेव्हा जाताना घेऊन जाईन! एकेक भाग स्वतःच्या हातांनी जोडून उभा केलेला कॉम्प्युटर तो! नरसिंहरावांचं डोकंच फिरलं.

"पूजेच्या संध्याकाळी याल तेव्हा चालू दाखवतो," ते म्हणाले. "नाही दाखवला तर खुशाल न्या."

झालं! प्लग काढून, आतली वीज पुरती उतरू देऊन पॉवर सप्लायचा डबा उघडला, तर आत चार कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले! चारच हो, फक्त चार! तेवढ्यासाठी अख्खा कॉम्प्युटर फासावर? सणाच्या आदल्या दिवशी चिकपेटच्या बाजाराची गर्दी, शेवंतीचे ढीग, रिक्षावाल्यांच्या शिव्या, सगळं पार करून, गल्ल्या पालथ्या घालून नेमके तसलेच चार पैदा केले, नवमीला सकाळी आंघोळ करून बाह्या सरसावल्या, सोल्डरिंग आयर्न घ्यायला ड्रॉवर उघडला... आणि आयर्न कुठे? देवापुढे! हळद, कुंकू, वर शेवंतीचं फूल! एका बाजूला पक्कड, दुसऱ्या बाजूला विळी, आणि मधोमध आयर्न, नवरदेवासारखं! पत्नी मथुराबाईंनी पहाटेच पूजा उरकलेली, आणि पूजेला बसलेल्या आयुधाला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या सासूच्या सासूपासूनचा नियम!

नरसिंहरावांनी जरा अर्धा तास मागून पाहिला. छे! शेजारच्या पद्मनाभअण्णांकडे धावले, तर त्यांचंही आयर्न देवापुढे. इथल्या शिवाजीनगरात गेले, तर दुकानादुकानाला केळीचे खांब, आणि जो तो हसतमुखाने म्हणतोय, 'नाळे बन्नि', उद्या या! उद्या येऊन काय करू, कपाळ? चार कपॅसिटर हो, फक्त चार, आणि अख्ख्या बेंगळुरात एक आयर्न मोकळं नाही! गेले आयर्न आणायला आणि आले प्रसादाचे चुरमुरे घेऊन.

पण गडी हार मानतोय होय? घरी येऊन थेट मथुराबाईंपुढे उभे राहिले.

"मथुरा, आज आयुधांचा सण ना? मग घरातलं सगळ्यात मोठं आयुध मरून पडलंय, त्याला तसंच ठेवायचं?"

बाई विचारात पडल्या. मग त्यांनी फूल उचललं, अक्षता टाकल्या, देवीची क्षमा मागितली आणि 'सरी', बरं, म्हणाल्या. अहो, मग काय विचारता! जुने चार उपटले, उण्याची पट्टी उण्याकडे, अधिक अधिकाकडे, दोनदोनदा ताडून नवे चार बसवले, डाग दिले, डबा बंद केला, प्लग लावला, बटण दाबलं... आणि पंखा फिरला! पडदा उजळला! चालू हो, चालू! नरसिंहराव, या वयात, स्वयंपाकघरापर्यंत नाचत गेले.

मथुराबाई धावत आल्या. डोळे भरून पाहिलं. म्हणाल्या, "जिवंत झाला की हो. मग आता हाही पूजेला."

आणि बटण बंद! अहो, तो आयुध आहे हे सिद्ध कुणी केलं? हळद, कुंकू, हार, पुढे समई. आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

तेवढ्यात जितेंद्र आले. चपला काढल्या. समोर काळा पडदा, वर हार, पुढे समई. बिचाऱ्यांनी हात जोडले.

"चालू आहे हो तो," नरसिंहराव कळवळून म्हणाले. "फक्त आज लावता येत नाही."

जितेंद्रांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं, बाबा. स्वीकारायला वेळ लागतो."

नरसिंहराव जेवायला पाटावर जाऊन बसले.