दोन-तीनच टाके होते

माझं माहेर जांभूळचं, बदलापूरच्या अलीकडं, जिथं कंपन्यांसाठी पाणी साफ करतात ना, तेच. आमची भाताची खाचरं होती, थोडी गेली, थोडी आहेत, बाप शेती पण करायचा आणि कंपनीत पण जायचा. मी धाकटी. लहानपणापासून माझा स्वभाव संशयी, खोटं कशाला बोलू, आय बोलायची हिला दूध दिलं तरी आधी वास घेईल मग पिईल. मला दिली उल्हासनगरला, कॅम्प एकला, तिथल्या वस्त्यांना कॅम्पच बोलतात. सासरचे आमच्यातलेच, आगरी, पण सिंधी लोकांत राहून राहून सासू भाजीवाल्याशी सिंधीतच भांडते. नवरा अंबरनाथला कंपनीत. सासू आणि मी गल्लीतल्या सिंधी भाभीकडं पापड लाटायला जातो, उडदाचे, मिरीचे, खाली बसून लाटायचे. तुम्ही हे लिहून घेताय ते घ्या, पण माझं नाव नका घालू, आणि कुणाला दाखवणार तेही आधी सांगा.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. तशी मी गेली आयकडं, आणि दुखायला लागलं तेव्हा बदलापूरला एका लहान दवाखान्यात नेलं. पोरगा मोठा होता, डोकं अडकलं, तिथल्या बाया बोलतात जोर लाव, जोर लाव, मी लावला, काय सांगू तुम्हाला, फाटलं तेव्हा मला कळलं की काहीतरी फाटलं. मग बाळ एकीकडं आणि मला दुसऱ्या खोलीत नेली, भूल दिली, शिवत बसले. शुद्धीवर आली तर आय बोलते, थोडं फाटलंय गो बाय, दोन-तीन टाके हायेत, सगळ्यांनाच पडतात. मला तिथंच संशय आला. दोन-तीन टाक्यांना भूल कशाला आणि एवढा वेळ कशाला. मी नर्सला हळूच विचारलं, तर ती बोलली, पार मागच्या वाटेपर्यंत गेलं होतं, आतला स्नायू पण जोडलाय, कडक जागी बसू नको, जोर करू नको आणि परत दाखवायला नक्की ये.

परत कोण दाखवतो. घरी बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, गरम गरम शेक, टाक्यांना घाम फुटायचा, पू झाला, आयने हळद लावली. डॉक्टरकडं नेशील काय विचारलं तर बोलली, बारशाला सासरचे यायचेत, त्यांना कळेल. आणि मग मला बसवून सांगितलं, हे बघ, सासरी कशाला सांगतेस, पोरीत खोट हाय बोलतील, घरी पाठवतील, दोन-तीनच टाके होते असं बोल आणि गप बस. कागद तिनेच ठेवून घेतले. मी गप बसली.

पण अंग गप बसत नाय ना. वारा सरला तर थांबवता येत नाय. जोराची लागली की लागलीच, संडासापर्यंत पोचता आलं तर पोचायचं, नायतर काय. मी लग्नाकार्याला जायची बंद झाली, कुणाच्या हळदीला गेली तर दाराजवळ उभी, बस ना बोलले की बोलायची पाय आखडलेत. साड्या काळपटच नेसायची, डाग दिसू नये म्हणून. नवऱ्याला सांगितलं टाके दुखतात अजून, तो बोलला दाखव कुणाला, बस, तेवढंच. भाभीकडं लाटायला बसली की एक ढुंगण वर, एक खाली, अशी वाकडी बसायची. आणि सासू बघायची. दोरीवरचे माझे कपडे काढताना उलटे करून बघायची, मी खिडकीतून बघितलंय. माझ्या मनात आलं ही पुरावा गोळा करते, एक दिवस सगळ्या गल्लीसमोर ठेवणार. तिकडं तिला वेगळाच संशय. नवरा एकदा हसत हसत बोलला, आई विचारत होती, तुझी बायको संडासात एवढा वेळ फोनवर कुणाशी बोलते. म्हणजे बघा, मी तिच्यावर नजर ठेवते आणि ती माझ्यावर, आणि दोघी एकाच ताटातल्या पिठाच्या लाट्या करतो.

मग परत दिवस राहिले. सासू बोलली पहिलं तुमच्याकडं झालं, आता हे आमच्याकडं, आणि डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली, स्वतः माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. डॉक्टरीण विचारते, पहिली डिलिव्हरी कशी, नॉर्मल, टाके किती, मी बोलली दोन-तीनच टाके होते. कागद? माहेरी राहिले. आता शी-लघवीला काही त्रास? काय नाय. सासू माझ्याकडं बघत होती आणि मी भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडं. डॉक्टरीण बोलली, मग हे पण नॉर्मल व्हायला हरकत नाही. आता मला सांगा, सगळ्या बाया बोलतात प्रायव्हेटवाले सिझरच करतात, मग ही नॉर्मल का बोलते? हिला सिझर येत नाय काय? का सासूने आधीच येऊन हिला काही शिकवून ठेवलंय? घरी येईपर्यंत मी तिच्यावरच संशय घेत होती, आणि रिक्षातून उतरताना डोक्यात आलं, अगं बये, ती बिचारी तुझ्याच खोट्यावर बोलली. आता हे पोर त्याच वाटेनं येणार, परत तिथंच फाटणार, आणि मागं जे थोडंफार धरून ठेवलंय तेही जाणार. जन्मभर कापड बांधून बसायचं. आणि खरं बोलायचं तर सासूसमोर बोलायचं. रोज बोलायची उद्या सांगते.

सातवा लागला होता. भाभीकडं बसलेलो, आठदहा बाया, मला पिठातल्या मिरीचा ठसका लागला. खोकली ना, आणि झालं. सगळं झालं. मी हललीच नाय, लाटणं हातात तसंच. मला वास आला म्हणजे आता सगळ्यांना येणार. सासू समोर बसलेली, तिनं वर बघितलं, एकदाच, आणि उठली आणि पाण्याची कळशी उचलली आणि ओतली की माझ्या अंगावर. सगळी. साडी, पापड, पीठ, समोरची लाटलेली चळत, सगळं पाणी पाणी. बाया ओरडल्या. भाभी आली धावत, अरे क्या किया, पूरा माल खराब किया, दिखता नहीं क्या, आणि सासू, जी कुणाचा एक शब्द ऐकून घेत नाय, ती खाली मान घालून बोलते, हात से छूट गई भाभी, गलती हो गई. आणि मला दंडाला धरून उठवलं, चल, गारठशील, पोटुशी आहेस. खरं सांगते, मला वाटलं रागानं ओतलं. घरी नेऊन मारणार असंच वाटलं.

घरी तिनं गरम पाणी काढून दिलं, साडी स्वतः धुतली. मी बाहेर आली तर विचारते, कधीपासून? मी बोलली, काय कधीपासून? ती बोलली, आता लपवू नको, पोरी. मग मी बसली जमिनीवर आणि रडत रडत सगळं सांगितलं. ती उठली आणि तिनं माझ्या आयला फोन लावला. मी मनात बोलली, झालं, आता माझी रवानगी जांभूळला. आणि ती फोनवर ओरडते, विहीणबाय, माझ्या सुनेला मी दोन वर्षं खाली बसवून पापड लाटून घेतले, तुमच्या तोंडाला काय झालं होतं सांगायला? मी काय तिला खाल्ली असती? तिकडून आय काय बोलली माहीत नाय. फोन ठेवल्यावर सासू पण रडली, पण पाठ करून.

परत डॉक्टरीणबाईंकडं गेलो. सासू खुर्चीवर बसलीच नाय. उभ्या उभ्या बोलली, मॅडम, मागच्या वेळी ही खोटं बोलली, कारण मी बाजूला बसलेली. आता मी बाहेर बसते, हिला परत सगळं विचारा. आणि गेली बाहेर, दार ओढून घेतलं. मी सांगितलं. डॉक्टरीण रागवली नाय, तपासलं, बोलली, त्रास नसता तर नॉर्मल जमलं असतं, सांभाळून केलं असतं, पण तुला अजून धरवत नाही, परत ताण आला तर जास्त बिघडू शकतं, मी सिझर सुचवेन, पण निर्णय तुझा. आता माझा स्वभाव बघा, लगेच मनात आलं, आली शेवटी सिझरवर. सरकारी दवाखान्यात जाऊन पण विचारलं, तिथल्या बाईंनी तेच सांगितलं. तेव्हा विश्वास बसला. आणि निर्णय तुझा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोललं, नवरा कसा हवा ते पण नव्हतं विचारलं. सिझर केलं. पोरगी झाली, शांत आहे, माझ्यासारखी नाय.

आता ती चालायला लागलीय. मला डॉक्टरीणबाईंनी खालचा स्नायू आवळायचा व्यायाम शिकवलाय, पापड लाटता लाटता करते, कुणाला दिसत नाय. पूर्ण बरी नाय झाली, पुढं एक ऑपरेशन करता येईल बोलतात, बघू, खोकला आला की अजून जीव वर होतो. भाभीनं मला स्टूल दिलंय, सासूनं काय सांगून मिळवलं ते मला अजून कळलं नाय, विचारलं तर बोलते पाठ दुखते सांगितलं. मी धरून चालते की खरं आहे. आमच्यात कुणी पोटुशी आली की मी सांगते, बाय, पहिल्या वेळचं सगळं डॉक्टरला सांग, लाजू नको. तर बाया काय बोलतात माहीत आहे? हिला दवाखान्यातून कमिशन मिळतं, गिऱ्हाईक गोळा करते. तोंडावर बोलतात. मी पण हेच बोलली असती. बोलू देत, देव त्यांची बाळंतपणं सुखाची करो. परवा त्यातलीच एक, सगळ्यात जास्त बोलणारी, दुपारची एकटीच आली घरी. चहा नको बोलली, पाणी नको बोलली. उभीच राहिली. मग बोलली, तुझी सासू घरात आहे काय, मी नाय बोलली तर बोलते, दार लाव ना जरा.

मी दार लावलं.