टायलरची दही-साखर

हसू नका, पण एक अख्खी बेसबॉल टीम माझ्यामुळे हरते, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

परदेशात हिल्सबरोला मी मुलाकडे राहत होतो, तिथे शेजारी टायलर राहायचा. तिथल्या व्यावसायिक टीममध्ये चेंडू टाकायचा. सीझनच्या पहिल्या मॅचला निघाला, तेव्हा मी कुंपणावरून त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. शुभ कामाला निघालेल्या पोराला तसंच कसं जाऊ द्यायचं? त्याने ती चाटली, म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, बाबा!" म्हणजे तिकडच्या बोलीत 'एकदम झकास'. आणि ते हरले.

मग दर मॅचला दही आणि दर मॅचला हार. शेवटी सून म्हणाली, "बाबा, पुरे आता. बिचारा भिडेपोटी खात असेल."

ते मनाला लागलं. शेवटच्या मॅचला मी बाहेर गेलोच नाही. पडद्याआडून त्याची गाडी जाताना पाहिली. तीही मॅच गेली.

पुढच्या आठवड्यात तो सकाळीच दारात उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. टीमने त्याला काढलं होतं. आता तो 'ते रापा' नावाच्या गावी एका कारखान्यात नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता.

मी सुनेला म्हणालो, "त्याला सांग, माझ्या हाताला यश नाही."

तिने सांगितलं. तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"बाबा, तो म्हणतो, शेवटच्या मॅचला तुम्ही दिसला नाहीत, तेव्हा वाटलं, आता बाबांनीसुद्धा माझी आशा सोडली."

त्याने तळहात पुढे केलाच होता. मी दही आणायला आत गेलो आणि थोडा वेळ आतच थांबलो.