मागचे दगड

तुम्ही प्रताप नगरातले शिकलेले लोक, चहा घेता घेता एक गोष्ट समजवून द्या मले.

काटोलच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात छोटा ट्रॅक्टर आहे. त्याले शेणखत उचलायले समोरून लोडर लावला. जीव लहान, काम भारी. म्हणून लोडर चालवायच्या आधी मी मागचा माती फोडायचा जड रोटाव्हेटर आठवणीनं काढून ठेवत होतो. बंडी ओढणाऱ्या बैलाच्या पाठीवर कोणी बसते काय? तरी समोरचा एक्सल मोडलाच!

मिस्त्री आला, पाहून म्हणे, "भाऊ, मागं वजन काहून नाही ठेवलं?"

"अगा, वजनानंच तर मोडला ना!"

"समोरच्या वजनानं. लोडर भरला का मागची चाकं हलकी होतात, सारा भार समोरच्या एक्सलवर येते. तराजूसारखं आहे हे. रोटाव्हेटर काढून तुम्हीच मोडला त्याले."

म्हणजे मी दया केली, अन् तीच त्याले नडली! आता मागं दगडांनी भरलेली लोखंडी पेटी बांधतो. एक्सल शाबूत आहे, पण माझं डोकं नाही.

कारण बाबा रोज बांधावरून पाहतात. काल विचारलं, "काय गा, हे दगड कुठं नेऊन राहिला?"

"कुठंच नाही, बाबा."

"मंग दिवसभर काहून फिरवतो त्याइले?"

"ट्रॅक्टरले हलकं वाटावं म्हणून."

बाबांनी घरी जाऊन आईले हळूच विचारलं, "पोराले झोप नीट लागते ना?"