तास संपला तरी उरलेला चौकोन

मंडळी, ऐका. आज एकच विचारतो – माणूस हजर आहे, असं कधी म्हणायचं? तुम्ही आत्ता देवळात बसलात, पण निम्मा जीव बाहेर चपलांपाशी! मग तुमची हजेरी लावायची कुठे – इथे, की पायरीवर?

तो साथीचा काळ आठवा. कॉलेजं बंद, वर्ग मोबाइलमध्ये. बार्शीचा तुषार घोंगडे तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं घरात जाहीर केलं – मोबाइलवरचं शिक्षण म्हणजे काही शिक्षण नव्हे, मी कॉलेज सोडतो आणि मामाच्या फरशीच्या दुकानात बसतो. आई म्हणाली, दिवाळीपर्यंत तास कर बाबा, मग तुझं तू बघ. त्यानं ऐकलं. तासाला बसला. म्हणजे – आडवा झाला!

सोलापूरहून माईणकर सर फिजिक्स शिकवायचे. कुणाला? काळ्या चौकोनांना! प्रत्येक चौकोनात एक नाव. कॅमेरा बंद, आवाज बंद. सर मधूनमधून विचारत, "ऐकू येतंय ना?" उत्तर नाही. अहो, भिंतीशी बोललं तर निदान पाल तरी चुकचुकते!

एका सकाळी तुषार मोबाइल उशाशी ठेवून गाढ झोपला. जाग आली तेव्हा तास केव्हाच संपलेला, बाकीची पोरं पसार, आणि वर्गात दोघंच – सर आणि हा. सर शांतपणे बसून होते.

"घोंगडे, थांबलायस. काही शंका?"

आता काय सांगणार? तेवढ्यात आईच्या कुकरची शिट्टी झाली. यानं तीच पुढे केली. "सर, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते?"

सर उठले आणि थेट घरातला कुकरच घेऊन आले. मागून बाईंचा आवाज – "अहो, त्यात वरण आहे." सर म्हणाले, "असू दे. मुलाला शंका आहे."

मग वाफ, दाब, पाण्याचं उकळणं असं काही समजावलं, की तुषार त्या वर्षात पहिल्यांदा उठून बसला.

दुसऱ्या दिवशी तास संपला, सर पुन्हा थांबले. थांबलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं? शंका काढणं आलं. आणि शंका काढायची तर तास ऐकावा लागतो – ही खरी अडचण! हळूहळू याचा कॅमेरा चालू झाला. इतरही पोरं थांबू लागली. दिवाळी आली, फराळ झाला, पण मामाच्या दुकानाचं नाव कुणी काढलं नाही.

मनात मात्र बोच होती. सर सगळ्यांना याचंच उदाहरण देत ना! कॉलेज उघडलं तसा तुषार त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"सर, त्या पहिल्या दिवशी मला शंका नव्हती. झोपलो होतो."

"माहीत आहे. माईक चालू होता तुझा. घोरत होतास."

"मग थांबलात कशाला?"

सर म्हणाले, "अरे, किती दिवस विचारत होतो, ऐकू येतंय ना, ऐकू येतंय ना. पलीकडून माणसाचा आवाज आला तो तेवढाच. उठवावंसं वाटेना. सोडून जावंसंही वाटेना."

मंडळी, देव तरी दुसरं काय करतो? आपण झोपलेले, आणि तो थांबलेला.

आणि आपण? घरी वडील तेच जुनं पुन्हा सांगतात, बायको दिवसभराचं सांगते – आणि आपण नुसते नाव लावलेले चौकोन! शहाणपणाचं उत्तर नका देऊ. एक हुंकार द्या. बोलणाऱ्याला कळू दे, पलीकडे माणूस आहे.

पटतंय का?

...बघा. सगळ्यांचे माईक बंद!