गुडघाभर गाळातली मी

अरे ऐका ना, मी नेदरलँड्सला जाऊन शिकले कशावर? आपल्याच हुगळी नदीच्या गाळावर! परत येऊन कोलकात्यात खिदिरपूरला नदीतला गाळ काढणाऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला, तर साहेब म्हणाले, "इथल्या नदीचा अनुभव कुठंय?" झालं, नकार!

महिन्याभराने त्यांचाच फोन. "मॅडम, तुमचे तिकडचे प्रोफेसर आमचे सल्लागार म्हणून येतायत. जरा सोबत राहाल?"

नोकरीच्या आशेने गेले. प्रोफेसरांनी मीटिंगमध्ये पहिलाच फोटो दाखवला, आमच्या अभ्यासदौऱ्यातला: हुगळीच्या गुडघाभर गाळात मी!

साहेबांना म्हटलं, "बघा, ही मी."

"अरे वा! फोटो कोणी काढला?"

"प्रोफेसरांनी, काठावरून."

"बघा, म्हणजे त्यांना अनुभव आहे!"

आता पीएचडीला परत तिकडेच चाललेय. हुगळीवर काम करायचं तर तिकडूनच यावं लागतं!