सहन होतं का?

फिजिओ : नाही सर, या शोधनिबंधावर मी सही करणार नाही. वाचताना शिसारी आली.

सर : शिसारी? अगं, पाळीच्या दुखण्यावर तुझ्या हातांचा उपाय चालतो, हेच तर सिद्ध झालंय. साठ जणींपैकी एक्केचाळीस जणींचं दुखणं शून्य!

फिजिओ : शून्य नाही. फोनवर विचारलं, "आता सहन होतं का?" त्या म्हणाल्या, "होतं." तक्त्यात त्याचं शून्य झालं.

सर : बरोबरच आहे. सहन होतं म्हणजे त्रास नाही.

फिजिओ : सहन होतं म्हणजे दुखतं, सर. दुखतच नसेल तर सहन काय करायचं, कपाळ?

सर : उगाच शब्दांचा कीस पाडू नकोस.

फिजिओ : सोळा नंबरची शिवणकामवाली काल आली होती. अभ्यास संपेपर्यंत दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवा, असं मीच तिला सांगितलं होतं. पाळीच्या कळांनी मशीनवर भोवळ आली, सुई बोटातून आरपार. आपल्या तक्त्यात तीही शून्यच! म्हटलं, फोनवर का नाही सांगितलंत? तर म्हणे, "सासूही असंच विचारते, सहन होतं ना? नाही म्हणायची सोय असते का?"

सर : एका बाईवरून सगळं मोडीत काढणार?

फिजिओ : ते बोट पाहून मला आपलीच किळस आली.

सर : आपली? प्रश्न कोणी लिहिला होता?

फिजिओ : मी.

सर : फोन?

फिजिओ : मीच केले. तेच तर घशाखाली उतरत नाहीये. "होतं" ऐकलं की मी हुरळून जायचे. काय जादू आहे माझ्या हातांत! पुढचं मला विचारायचंच नव्हतं.

सर : (आवाज खाली आणून) दोन वर्षं गेली गं यात. काहींना खरंच बरं वाटलं असेल.

फिजिओ : असेलही. कंबर दाबताना काहींचा चेहरा सैल व्हायचा, मी पाहिलाय. पण किती जणींचा, ते या तक्त्यावरून देवालाही कळणार नाही.

सर : मग आता?

फिजिओ : साठही जणींना परत विचारायचं. दुखतं का, किती दुखतं. सोळा नंबरला कालच सांगितलं, गोळी घ्या, माझं चुकलं.

सर : चिडली असेल.

फिजिओ : नाही. तिने एवढंच विचारलं, "तुमचं दुखतं तेव्हा तुम्ही काय करता हो?"

सर : मग?

फिजिओ : मी गोळी घेते, सर.